पोळपाट घेऊन कालाहारीत

दिवाळी अंकात मी बोट्स्वानातल्या सेंट्रल कालाहारी अभयारण्यातल्या मुक्कामांवर लिहिलं होतं. नवऱ्याच्या हिशेबनिसाच्या नोकरीमुळे राजधानीत, म्हणजे गॅबोरोनमध्ये, आमची २१ वर्षं गेली. त्या काळात टपावर तंबू बसवलेली जुनी गाडी घेऊन आम्ही त्या माळावर ११ फेऱ्या केल्या, त्याची ती हकीकत. (नकाशात गॅबोरोन, तिथली माणसं म्हणतात खाबोरोने. पहिले सहा महिने मी बसवाल्याला चुकीचंच नाव सांगत होते.) संपादकांनी आता पत्रांचा गठ्ठा पाठवलाय. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. ज्यांनी फक्त "एकूण खर्च किती?" एवढंच विचारलंय त्यांनी माफ करावं, माझे हिशेब जुने आहेत आणि तेही तिथल्या पुला या चलनात.

आम्ही दर मे महिन्यात ताडोब्याला जातो. पाणवठ्यावर बसलं की वाघ हमखास. त्याच न्यायाने कालाहारीत तिथल्या कडक उन्हाळ्यात, ऑक्टोबरमध्ये, जावं का? — एक वाचक, नागपूर

ताडोब्याचं गणित तिथे लावू नका. मी लावलं होतं. आमची पहिली फेरी ऑक्टोबरची. पारा चाळिशीला, वारा भट्टीतून आल्यासारखा. तीन दिवसांत दिसलं काय, तर चार स्प्रिंगबॉक हरणं, एक शहामृग आणि नवरा-बायकोचं भांडण.

त्याचं कारण असं. ५२ हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलेल्या त्या अभयारण्यात बारमाही वाहतं पाणी नाहीच. खालाखाडी या मूळ शब्दाचा अर्थच मुळी मोठी तहान असा सांगतात. पंपाने भरलेले थोडे पाणवठे आहेत, पण तिथले बहुतेक प्राणी पाण्यावर जगत नाहीत, पाल्यावर आणि मुळांवर जगतात. त्यामुळे कोरड्या दिवसांत ते एका जागी गोळा होत नाहीत, उलट पांगतात. डिसेंबर ते मार्च पाऊस पडतो, तेव्हा मेलेल्या नद्यांच्या पात्रांत आखूड, गोड गवत उगवतं आणि सगळं जनावर त्या पात्रांत उतरतं. डिसेप्शन व्हॅली ही अशीच हजारो वर्षांपूर्वी आटलेली नदी. फेब्रुवारीत तिथे शेकड्यांनी गेम्सबॉक (लांब, सरळ शिंगांची मोठी हरणं) आणि स्प्रिंगबॉक असतात, आणि त्यांच्या मागे काळ्या आयाळीचे सिंह.

फेब्रुवारीत जा. मात्र पात्रातली ती राखाडी माती भिजली की आपल्या काळ्या रानासारखी गाडी धरून ठेवते, तेव्हा पाऊस पडत असेल त्या दिवशी तळात उतरू नका. जून-जुलैतही जाता येतं. प्राणी कमी, पण हवा लख्ख. रात्री पारा शून्याखाली जातो. पहाटे पाण्याच्या कॅनमध्ये बर्फाचा पापुद्रा धरलेला मी पाहिलाय.

माणशी पाणी किती न्यायचं? तिथे विकत मिळतं का? — एक वाचक, जालना

जालन्याच्या माणसाने पाण्याचा प्रश्न विचारावा यात नवल नाही. विकत काही मिळत नाही. आत दुकान नाही, पेट्रोल पंप नाही, फोनला रेंज नाही. शेवटचं गाव राकोप्स, आणि तिथून अभयारण्याच्या मात्स्वेरे फाटकापर्यंत सुमारे ४५ किलोमीटर वाळूचा रस्ता. मुक्कामाची जागा म्हणजे एक शेकोटीचं कडं, एक खड्ड्याचा संडास, आणि नहाणीसाठी एक आडोसा, ज्यात कप्पीवर एक बादली टांगलेली. त्या बादलीत पाणी तुम्ही घालायचं. कुंपण नाही. शेजारी नाही, कारण प्रत्येक जागा एकाच गटाला देतात आणि पुढची जागा कधी कधी कित्येक किलोमीटरांवर असते.

आम्ही दोघांना चार रात्रींसाठी १०० लिटर नेत असू : २० लिटरचे पाच कॅन. पिण्याला माणशी रोज ५ लिटर धरा, बाकी स्वयंपाक आणि अंघोळ. एकच मोठी टाकी घेऊ नका. एकदा खडबडीत रस्त्यावर एका कॅनची तोटी तडकली आणि २० लिटर पाणी आमच्या गाद्यांनी प्यायलं. टाकी एकच असती तर तिथूनच परत फिरावं लागलं असतं. भांडी मी आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून मग शेकोटीच्या राखेने घासायची, आजीसारखी. शेवटी वाटीभर पाण्याने विसळलं की झालं.

आता सांडपाण्याचं. हे नीट ऐका, कारण कुठल्याही माहितीपत्रकात हे मला वाचायला मिळालं नव्हतं. पासार्ज व्हॅलीतल्या एका मुक्कामात आम्ही संध्याकाळी मजेत अंघोळ केली. बादलीखालच्या सिमेंटच्या चौथऱ्याला मध्ये खोलगट जागा होती, तिथे साबणाचं पाणी साचलं. आम्ही तंबूत झोपलो. रात्री दोनच्या सुमाराला खालून आवाज : लप्, लप्, लप्. आमच्या नाशकातल्या वाड्यात कुत्रा परातीतलं पाणी प्यायचा तसा, फक्त कुत्रा घोड्याएवढा असावा असा. जाळीतून पाहिलं तर चांदण्यात दोन सिंहिणी आणि एक सिंह, तिघांची डोकी त्या चौथऱ्यावर. पाणी लवकरच संपलं, पण त्यांचं चाटणं संपेना. त्या खरबरीत जिभा सिमेंटवरून फिरत होत्या आणि आवाज येत होता, अगदी खवणीवर नारळ खवावा तसा. वीस मिनिटं ते चाललं. मग सिंह आमच्या गाडीच्या बाजूला येऊन गरजला. आवाज कानात नंतर शिरतो, आधी पोटात शिरतो. शिडीच्या पायरीवर ठेवलेलं स्टीलचं फुलपात्र थरथरून टपाच्या पत्र्यावर वाजायला लागलं. तेवढ्यात नवऱ्याने कूस बदलली आणि झोपेतच विचारलं, "गॅस बंद केलास ना?"

तेव्हापासून अंघोळ परातीत उभं राहून, आणि ते पाणी त्याच वेळी संडासाच्या खड्ड्यात. पाण्याची बादली उघडी ठेवायची नाही. दया म्हणूनही पाणी ठेवायचं नाही. पाण्याला चटावलेला सिंह पुढच्या मुक्कामवाल्यांच्या पायात येतो.

माझं वय ५८, गुडघे कुरकुरतात, मधुमेहामुळे रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. ताई, हा प्रश्न विचारायची लाज वाटते, पण रात्री संडासाचं काय? — एक वाचक, कोल्हापूर

लाज कसली. हा प्रश्न खरं तर पहिला छापायला हवा होता. अंधार पडल्यावर संडासाकडे जायचं नाही, मग तो वीस पावलांवर का असेना. झाकणाची घट्ट बादली तंबूत घ्या, तळाशी थोडी वाळू घाला, सकाळी खड्ड्यात रिकामी करा. मी अकराही फेऱ्यांत हेच केलं. टपावरचा तंबू तुमच्या गुडघ्यांना नको, त्या शिडीवरून रात्री घसरणं ही सिंहापेक्षा जास्त खरी भीती. जमिनीवरचा मजबूत तंबू चालतो, चेन पूर्ण बंद हवी, जाळीची खिडकीसुद्धा कमरेच्या खाली उघडी नको. बंद तंबूकडे सिंह एक वस्तू म्हणून बघतो, असं तिथले गाइड सांगतात. आत खायचं काही ठेवू नका.

आणि चपला आत घ्या. तुमच्या गावची, खास करकर वाजणारी, चांगली जाड कातड्याची माझी एक चप्पल तपकिरी तरसाने रात्री पळवली. सकाळी माग काढत थोडं पुढे पाहिलं, अंगठ्याचा तुकडा मिळाला. उरलेली एक मी अजून ठेवलीय. बूट घालण्याआधी उलटे करून झटका, विंचू असतात. शेपूट जाड आणि नांग्या बारीक असलेला विंचू जास्त वाईट, हे तिथलं मूलही सांगेल. मधुमेहाची औषधं आणि उष्णता यांबद्दल, तसंच उत्तरेकडच्या माऊन गावाच्या भागातल्या मलेरियाबद्दल, तुमच्या डॉक्टरांशी निघण्याच्या महिनाभर आधी बोला. जवळचा दवाखाना काही तासांवर आहे, हे त्यांना स्पष्ट सांगा.

माझ्याकडे फोर बाय फोर आहे, सह्याद्रीत भरपूर फिरलोय. तिथे गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवणं झेपेल का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

झेपेल. गाड्या डावीकडूनच चालतात, स्टिअरिंग उजवीकडे. पण घाटातला अनुभव वाळूत अर्धाच कामाला येतो. वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा कमी करायची, आमच्या गाडीला आम्ही १.६ बारपर्यंत उतरवत होतो. टायर पसरतो आणि वाळूवर चालतो, रुतत नाही. डांबरावर आलात की परत भरायची, म्हणून हवेचा छोटा पंप जवळ हवा. दोन स्टेपन्या, फावडं, ओढायचा पट्टा, जादा डिझेल. आणखी एक गोष्ट सह्याद्रीत कधी करावी लागत नाही : दर तासा-दोन तासांनी खाली वाकून गाडीचं पोट बघायचं. दोन चाकोऱ्यांमधलं गवत वाळलं की सायलेन्सरच्या नळीभोवती गुंडाळतं आणि पेट घेतं. गवताचं बी रेडिएटरच्या जाळीत अडकतं आणि इंजिन तापतं. पुढे बारीक जाळी बांधा.

आता पोळपाट. फिपर पॅनकडे जाताना (पॅन म्हणजे सपाट तळं, बहुतेक काळ कोरडं, आणि नाव खरं पायपर, पण आमच्या शेजारणीने ते असंच उच्चारलं आणि घरात रूढ झालं) मागचं चाक बसलं. जॅक लावला. गाडी वर जाण्याऐवजी जॅक खाली जाऊ लागला, वाळूत, शांतपणे. जॅकखाली ठेवायची लाकडी फळी गॅबोरोनमधल्या गॅरेजच्या दारातच राहिली होती. नवऱ्याने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर स्वयंपाकाच्या पेटीवर गेली. माझा शिसवी पोळपाट, आईने लग्नात दिलेला, तीन पायांचा. मी नाही म्हणायच्या आत तो उलटा होऊन जॅकखाली गेला होता. चाक बदललं. पोळपाट मधोमध उभा चिरला, पण दोन तुकडे झाले नाहीत. आजही मी त्यावरच पोळ्या लाटते, आणि प्रत्येक पोळीवर एक बारीक रेघ उमटते. तुम्ही फळी न्या. एक फूट लांब, एक फूट रुंद, दोन बोटं जाड.

एकटी गाडी नेऊ नका, निदान पहिल्यांदा तरी दोन असाव्यात. सॅटेलाइट फोन भाड्याने मिळतो, घ्या. आणि गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबायचं. चालत मदत शोधायला निघायचं नाही.

शाकाहारी माणसाचं काय? — एक वाचक, सातारा

उलट सोपं. दशम्या (दुधात भिजवलेल्या तीन-चार दिवस टिकतात), शेंगदाण्याची चटणी, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, बेसन. भात पाणी खातो. लाकूड बाहेरून न्यायचं, आतलं वाळकं झाडही तोडायचं नाही. कचरा परत आणायचा.

शाकाहाराचा आणखी एक फायदा रस्त्यात कळतो. गुरांच्या लाळ-खुरकतीमुळे बोट्स्वानात शेकडो किलोमीटर लांब तारांची कुंपणं आहेत, आणि माऊनकडून दक्षिणेला येताना नाक्यावर कच्चं मांस काढून घेतात, चपलांचे तळवे औषधाच्या पाण्यात बुडवायला लावतात. आमचा डबा तपासायला उघडला तेव्हा बाहेर आला तो हिंगाचा वास. तपासणाऱ्या बाईंनी झाकण लावलं, दोन पावलं मागे सरल्या आणि हसत म्हणाल्या, "जा मा, जा."

त्या कुंपणांची दुसरी बाजूही आहे. अभयारण्याच्या उत्तर हद्दीवरचं कुके कुंपण १९५८ मधलं. १९८०च्या दशकातल्या दुष्काळात पाण्याकडे निघालेली विल्डबीस्टं (कळपाने फिरणारी थोराड हरणं) त्याला अडून हजारोंनी मेली. तारेच्या बाजूने गाडी चालवताना मला नेहमी ते आठवायचं.

नान्नजला लहानपणी माळढोक पाहिला होता. आता मुलाला काय दाखवू? कालाहारीत तसा पक्षी आहे का? — एक वाचक, सोलापूर

आहे, आणि तो तुमच्या माळढोकाचा सख्खा चुलत भाऊ आहे. कोरी बस्टर्ड आणि माळढोक दोघंही आर्डिओटिस या एकाच वंशातले. कोरीचा नर १८ किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये सगळ्यांत जड पक्ष्यांपैकी एक. म्हणून तो शक्यतो उडतच नाही. चालतो. पेन्शनर सकाळी बागेत चालतात तसा, मान ताठ, पावलं मोजून, मध्येच थांबून गवतात चोच. विणीच्या दिवसांत नर गळा फुगवतो, मानेची पांढरी पिसं फुलतात, शेपूट पाठीवर उलटं येतं, आणि खोल, घुमणारा आवाज काढतो. डिसेप्शन व्हॅलीत तो रोज दिसायचा, एका सकाळी नऊ मोजले. नवरा सिंह शोधत असायचा, मी दुर्बीण याच्यावर लावून बसायचे. उत्तरेकडे सावुतीला तर त्याच्या पाठीवर किरमिजी वेडा राघू बसलेला पाहिला : कोरी चालला की गवतातले किडे उडतात, राघू पाठीवरून झेपावून टिपतो आणि परत आपल्या स्वारीवर.

नान्नजचं अभयारण्य १९७९ चं. आज माळढोक देशभरात दीडशेच्या आसपास, आणि त्यातले बहुतेक जैसलमेरकडे. तुम्ही लहानपणी पाहिलात, मी सोलापूरला चार वेळा येऊनही पाहिला नाही. तुमच्या मुलाला कोरी जरूर दाखवा, पण त्याआधी तुम्ही काय पाहिलं होतं ते त्याला सांगून ठेवा.

चित्ता दिसतो का? — एक वाचक, ठाणे

अकरा फेऱ्यांत दोनदा. तो आखूड गवताच्या मोकळ्या पात्रात दिसतो, म्हणून परत फेब्रुवारीच. 

त्या अभयारण्यातल्या मूळच्या माणसांना बाहेर काढलं असं वाचलं. मग तिथे पर्यटक म्हणून जाणं बरोबर आहे का? — एक विद्यार्थिनी, पुणे

हा प्रश्न मी गॅबोरोनमध्ये असताना स्वतःला पुरेसा विचारला नाही, हे आधी कबूल करते.

अभयारण्य १९६१ चं, इंग्रजांच्या काळातलं. ते केलं तेव्हा तिथल्या सान लोकांना (त्स्वाना भाषेत बासार्वा) शिकार आणि कंदमुळं यांवरचं आपलं जगणं चालू ठेवता यावं, हाही हेतू होता. स्वातंत्र्यानंतर सरकारने १९९७ मध्ये आणि परत २००२ मध्ये त्यांना बाहेरच्या वस्त्यांत हलवलं. २००२ मध्ये मोथोमेलो इथली त्यांची कूपनलिका बंद केली. पाणी तोडलं की माणूस आपोआप निघतो, हे आपल्या टंचाईग्रस्त गावांना समजावून सांगायला नको. सान लोकांचे पुढारी रॉय सेसाना आणि इतरांनी खटला लढवला. १३ डिसेंबर २००६ रोजी उच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या दोनांपैकी एक युनिटी डाऊ, बोट्स्वानाच्या उच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश. निकालाच्या दिवशी आमच्या ऑफिसातली माणसं रेडिओभोवती जमली होती, आणि एकमत मुळीच नव्हतं. पाण्यासाठी मात्र त्यांना आणखी लढावं लागलं. कूपनलिका वापरायचा हक्क अपील न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला.

जा, पण हे वाचून जा. आणि सान माणसाबरोबर अर्धा दिवस चालायची संधी मिळाली, तर सिंह सोडून ते करा. आम्हाला एका म्हाताऱ्यांनी त्सामा दाखवलं. ते आपल्या कलिंगडाचं रानटी भावंड, मुठीएवढं, वाळूवर सांडल्यासारखं पडलेलं. चवीला काकडीच्या देठासारखं, पण जवळजवळ सगळं पाणीच. तेच गेम्सबॉक खातो, तपकिरी तरस खातं, माणूस खातो. त्यांनी फळाला वर भोक पाडलं, आतला गर काडीने तिथल्या तिथे घुसळला आणि रस करून हातात दिला. त्यांच्या लहानपणी शहामृगाच्या अंड्याच्या कवचात पाणी भरून, गवताचा बोळा लावून, ते वाळूत पुरून ठेवत. जागा कशी लक्षात राहायची, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी विचारलं असावं की स्वयंपाकघर कुठंय हे कसं लक्षात राहतं.

मी पाचवीत आहे. तिथे टीव्ही नाही, मोबाइल नाही, मग रात्री तुम्ही काय करता? — एक छोटी वाचक, सांगली

आठ वाजता झोपतो, खरंच. पण त्याआधी एक तास आकाश बघतो. मकरवृत्त त्या देशातूनच जातं, म्हणजे तू पृथ्वीच्या खालच्या अंगाला असतेस. ध्रुव तारा दिसतच नाही. आपल्याकडे दक्षिणेला खाली खाली असणारा अगस्त्य तिथे चांगला वर चढलेला असतो. संध्याकाळी पालीची एक जात बिळाच्या तोंडाशी बसून टक-टक-टक करते, हजारो एकदम, गोट्या आपटल्यासारखं. ते थांबलं की तारे नीट दिसायला लागतात.

फेब्रुवारीत मृग नक्षत्र उत्तरेकडे असतं आणि उलटं असतं, व्याध त्याच्या वरच्या बाजूला. पहिल्या रात्री मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. मग चंद्र उगवून वर आला आणि त्यातला ससासुद्धा डोक्यावर उभा. पौर्णिमेला तू गच्चीवर जा, चंद्रातल्या सशाचं चित्र काढ, आणि कागद उलटा धर. आम्हाला तिथे तो तसा दिसायचा.